छाट

केगावच्या बसमध्ये वही मांडीवर उघडी,
वहीत घंटेच्या आकाराचा वक्र.
शेजारची बाई विचारते, देवळाचा घुमट काढलीस का गं?
मी म्हणते, तसंच काहीतरी.
मधे सगळी गर्दी,
कडेकडेला कुणीच नाही.

चडचणकर मॅडम फळ्यावर लिहितात समष्टी,
त्याखाली बारीक अक्षरात, नमुना.
शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात,
बस, एवढाच आहे हा पेपर.
एप्रिलचा पंखा गरम वारा ढकलत राहतो,
मागच्या बाकावरचा इरण्णा कुजबुजतो,
शीत कोण उचलतं, त्यावर आहे की बे सगळं.

हे मला आधीपासून ठाऊक होतं.
अम्मा रोज सूप घेऊन कारखान्यात जाते,
चेकर तिच्या हजारातला एक कट्टा उचलतो,
नखानं दाबतो, पंचवीसातल्या चार फेकतो,
आणि हजारातल्या एकशेसाठ कापतो.
तोंडी. वहीशिवाय.
गुणाकार बरोबर असतो त्याचा.
फक्त कट्टा तो नेहमी खालचा उचलतो,
दिवस मावळताना, मान आखडल्यावर,
कंदिलाएवढ्या बल्बखाली वळलेला.

मॅडमना सांगितलं तर त्या क्षणभर थांबल्या.
खडू झटकत म्हणाल्या,
निवडीतला पूर्वग्रह, गाजूल.
परीक्षेत आला तर हेच उदाहरण लिही.
चार मार्कांना आला.
लिहिलं.
साडेतीन पडले.

मग सर्वेक्षण. आमच्याच घरकुलात.
यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली:
एकशेबारा, दोनशे सात, तीनशे अकरा.
आमचं घर तीनशे दहा.

तीनशे अकरात अंबूबाई बल्लांनी चटई झटकली,
शेंगाचटणी नि कडक भाकरी पुढे ठेवली,
मी प्रश्न वाचत गेले.
दिवसाला किती विड्या? आठशे.
डोळ्यांचा त्रास? हो, नाही, कधीकधी.
प्रश्न तेवीस: शेवटची सुट्टी कधी घेतली?
त्या कात्रीकडे बघत राहिल्या,
मग मोठ्यानं हसल्या, पदर तोंडाला लावून.
हसण्याला कोड नव्हता.
उत्तर नाही, नव्याण्णव.

लॅबमध्ये नव्याण्णव काढायचं राहून गेलं एकदा
आणि सरासरी कामगार बाईनं
तेहतीस महिने सुट्टी घेतलेली निघाली.
सगळे हसलो.
मॅडम नाही हसल्या.
म्हणाल्या, आकडा खोटं बोलत नाही, हे कुणी शिकवलं तुम्हाला?
मी तर नाही.

संध्याकाळी अम्मानं विचारलं,
शेजारणीला विचारलीस, मला का नाही विचारलीस?
म्हटलं, तुझा नंबर आला नाही.
पान फर्म्यावर ठेवत म्हणाली,
इथं पण का?

रात्री जेवणं झाल्यावर
उरलेला एक फॉर्म काढला,
वर घर क्रमांकाची चौकट मोकळी ठेवली.
तिला म्हटलं नाही की हा मोजला जाणार नाही.
तीही काही बोलली नाही,
सूप सरकवून जागा केली फक्त.
वय? लिही चाळीस. पंचेचाळीस लिही.
दिवसाला किती? हजार.
हजार होतात का गं खरंच?
चेकर कापणार, म्हणून हजार.
हे कुठल्या रकान्यात लिहू मला कळेना,
समासात लिहिलं.

तेवीसवर आले.
पेन नव्याण्णववर टेकवून बसले.
तिनं दोरा गुंडाळला, टोक दुमडलं,
दुसरं पान घेतलं,
भिजवलेलं, काळपट, मधली शीर काढलेलं.
बाहेर कुणाचा तरी माग खटखटत होता.
तू झालीस तेव्हा, म्हणाली.
दीड दिवस.
दोन लिहू का?
दीड, म्हणाली. दुपारनंतर बसले होते.